मास्टरचं खरं माप

मापाला उभं राहिलेलं गिऱ्हाईक पोट आत ओढतं. शंभरातली नव्वद माणसं ओढतात, उरलेल्या दहांना पोटच नसतं. मास्टरीणचं हे तीस वर्षांचं गणित. गिऱ्हाईक साहेब असो की हमाल, ती टेप ढिली करून तोंडावर सुनवायची, "पोट सोडा. इथं कुणी तुम्हाला बघायला आलेलं नाही. अंग झाकायचं काम शिवणीचं, मापाचं नाही. खोटं माप घेतलं तर पहिल्या शिंकेला बटण उडेल, आणि नाव माझं जाईल."

गिऱ्हाईक ओशाळायचं आणि पोट सोडायचं. मग आकडा वहीत जायचा. त्या वहीत आजवर एकही आकडा कुणाची मर्जी राखायला लिहिलेला नव्हता, आणि त्याचा तिला गर्व होता. गर्व करावा असं आयुष्यात दुसरं फारसं काही नव्हतंही.

दुकान दहा बाय बाराचं. दोन मशिनं, एक कापायचं टेबल, हिरव्या पडद्यामागं कपडे घालून बघायला वीतभर जागा. आरसा मुद्दाम थोडा कलता टांगलेला. त्यात माणूस दोन बोटं उंच दिसतो. ती अक्कल तिच्या नवऱ्याची. सगळे त्याला मास्टर म्हणायचे. मास्टर कापायचे, ती शिवायची, म्हणून ती मास्टरीण. मास्टर मितभाषी. तिच्या तोंडात टाचण्या असल्या की तेवढ्यात आपलं बोलून घ्यायचे. "तुझं तोंड भरलेलं असलं की घर कसं देवळासारखं शांत वाटतं," असं म्हणून गालात हसायचे. टाचण्या गिळायची भीती नसती तर तिनं तिथंच उत्तर दिलं असतं.

मास्टरचं लिव्हर खराब झालंय हे कळलं, तेव्हा अख्ख्या गल्लीनं एकच प्रश्न विचारला. रोज किती घ्यायचे? हॉस्पिटलच्या खिडकीवरच्या कारकुनानं तर विचारलंही नाही, कागदावर परस्पर 'दारू' लिहून मोकळा झाला. मास्टरीणनं तो कागद त्याच्याच समोर उभा-आडवा फाडला. "दुसरा काढा. ह्या माणसानं उभ्या जन्मात खोकल्याच्या औषधापलीकडे काही प्यायलेलं नाही."

खरं होतं ते. विशीत मास्टरना अपघात झाला होता, दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. त्या रक्तातून आलेला जंतू तीस-पस्तीस वर्षं भाडं न देता आत राहिला. शेवटी औषधानं तो गेला, पण जाताना घराच्या भिंती पोखरून गेला. घाव भरला की व्रण राहतो. इथं सगळं लिव्हरच व्रण होऊन बसलं होतं. आता ते बदलून मिळालं तर माणूस राहील. त्यासाठी मोठ्या हॉस्पिटलात एक यादी होती. त्या यादीवर मास्टरचं नाव लागायला हवं होतं. मास्टरीणला जगात दुसरं काही नको होतं.

दर दीड महिन्यानं ती, मास्टर आणि लेक असे तिघं जायचे. लांब बोळ, बोळात बाक. पाठीमागच्या भिंतीवर बसलेल्या माणसांच्या डोक्याच्या उंचीला एक तेलकट पट्टा. वर्षानुवर्षं डोकी टेकून टेकून उमटलेला. मास्टर बसले की त्यांचं डोकं बरोबर त्या पट्ट्यावर जायचं, जणू जागा राखून ठेवलेली. नंबर कधी ऐंशी, कधी शंभराच्या वर. सकाळी आठला यायचं आणि दुपारी दोन मिनिटं बोलायचं. त्या दोन मिनिटांत डॉक्टर बहुतेक वेळ कागदाशी बोलत.

दुसऱ्या खेपेला शेजारी एक बाई बसली होती, नवऱ्याच्या अंगावर शाल सारखी करत. नवरा पिवळाधमक, हाडांचा सापळा. त्यांना आत बोलावलं, आणि बाहेर आली ती रडतच. "नाव काढलं हो ह्यांचं यादीतून. म्हणाले, तब्येत ऑपरेशन झेपण्यासारखी राहिली नाही."

मास्टरीणनं तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि डोक्यात गाठ मारून ठेवली. इथं कमजोर दिसणाऱ्याचं नाव कापतात. म्हणजे ही परीक्षा आहे. आणि परीक्षा असेल तर पास कसं व्हायचं, ते ती बघून घेईल. कुबड असलेल्या माणसाला तिनं कोट शिवला होता आणि लग्नाच्या फोटोत ते कुबड कुणाला दिसलं नव्हतं. हे तर पोट.

पोटच सगळ्यात चुगलखोर होतं. त्यात पाणी साचायचं. मीठ तोडलं, पाण्याच्या गोळ्या झाल्या, तरी साचायचंच. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला डॉक्टर सुई घालून ते काढून द्यायचा. एकदा पाच लिटर निघालं. तेव्हा तो म्हणाला, "मोठ्या हॉस्पिटलात सांगा हं, मी पाणी काढलं म्हणून. चिठ्ठी देतो." तिनं चिठ्ठी घेतली आणि शिवणाच्या डब्यात बॉबिनखाली घालून ठेवली. पुढच्या खेपेपासून तिनं ठरवूनच टाकलं. तारखेच्या तीन दिवस आधी पाणी काढून आणायचं. सोनोग्राफीत मग "थोडं पाणी" एवढंच यायचं. वरून ती मास्टरची पँट आतून रबर घालून अशी बेतायची, आणि सदऱ्याला खांद्यात असा कापूस भरायची, की मास्टर निवृत्त फौजदारासारखे दिसायचे.

दुसरी चुगली डोकं करायचं. लिव्हर रक्त गाळेनासं झालं की विष मेंदूवर चढतं आणि माणूस धुक्यात जातो. तारखेच्या आधी दोन दिवस ती गोड पातळ औषध जास्त पाजायची. पोट साफ झालं की डोकंही थोडं निवळतं, हे तिनं पाहून ठेवलं होतं. आणि बोळातल्या बाकावर उजळणी.

"आज वार?"

"गुरुवार."

"महिना?"

मास्टर महिना सांगायचे.

"कुठं आलोय आपण?"

"तुझ्या शाळेत," एकदा मास्टर म्हणाले. लेक हसली. मास्टरीण नाही.

लेकीला हे पसंत नव्हतं. "आई, पाणी काढल्याचं सांगून टाक ना. डॉक्टरांपासून काय लपवायचं?"

"तू गप. त्या बाईचं बघितलंस ना? खरं सांगितलं आणि घरी पाठवलं."

"तिनं काय सांगितलं तुला काय माहीत?"

"तोंडावर दिसत होतं. तुझ्या बापाच्या तोंडावर मी दिसू देणार नाही."

पण घरात काय दिसत होतं ते तिलाच ठाऊक. मास्टर दिवसा टेबलावर डोकं ठेवून झोपायचे आणि रात्रभर टक्क जागे. हातातला खडू कुठं ठेवला ते हातातच खडू धरून शोधायचे. आणि एक दिवस शाळेच्या हेडमास्तरांच्या कोटाचं कापड त्यांनी कापलं. ती शिवायला बसली तर दोन्ही बाह्या डाव्या.

चाळीस वर्षं कापणाऱ्या माणसाच्या हातून! नवशिकासुद्धा कापड दुमडून एकदम दोन कापतो, एक उजवी, एक डावी, आपोआप. मास्टरनी एक कापली होती, मग विसरून तीच पुन्हा कापली होती. तिनं त्या दोन बाह्या बराच वेळ मांडीवर धरून ठेवल्या. हेडमास्तरांना सांगितलं, इस्त्रीनं कापड जळलं, चूक माझी. मास्टरना काहीच सांगितलं नाही. मास्टरनी विचारलंही नाही. त्या दिवसापासून कापायचं काम तीच करू लागली, आणि गिऱ्हाईक आलं की कात्री मास्टरच्या हातात द्यायची, दिसायला.

हे सगळं खोटं ती करत होती आणि एका जागी मात्र तिला खोटं जमत नव्हतं. सवयीनं दर सोमवारी, दुकान बंद असायचं तेव्हा, ती मास्टरचं माप घ्यायची. कपडे बेतायला लागायचंच. वहीतलं शेवटचं पान तिनं त्यांना दिलं होतं. तारीख, कंबर, दंड. कंबर चौतीस, सदतीस, एक्केचाळीस. मग एकदम छत्तीस, कारण पाणी काढलेलं. पुन्हा एकोणचाळीस, बेचाळीस. पुन्हा सदतीस. दंड मात्र एकाच वाटेनं निघालेला. साडेअकरा, अकरा, दहा, नऊ.

आठव्या खेपेला मोठ्या डॉक्टरांची मीटिंग होती. कुणाचं नाव यादीवर घ्यायचं ते त्या दिवशी ठरणार होतं. सकाळी एका चष्मेवाल्या तरुण डॉक्टरणीनं मास्टरना तपासलं. नंबर एकशे चौदा. पोटावर दोनदा टकटक केलं. सुईच्या जागेवर बोट ठेवून विचारलं, "हे काय?"

"गळू झालं होतं," मास्टरीण म्हणाली.

"वार कोणता आज, काका?"

"गुरुवार," मास्टर म्हणाले. दहा मिनिटांपूर्वीच सांगितलेला.

"छान." आणि पुढचा नंबर.

मग वाट बघणं. बारा वाजले, एक वाजला. मास्टरचं डोकं तेलकट पट्ट्यावर, तोंड उघडं. लेक खालून बिनमिठाचा डबा गरम करून आणायला गेली होती. मास्टरीणला वाटलं, आपणही असंच डोकं टेकावं आणि पुन्हा उचलूच नये. वर्षभर तिनं दोन माणसांचं जगणं एकटीनं ओढलं होतं. आजारी मास्टरचं आणि त्यांच्या धडधाकट सोंगाचं. दुसरं जास्त जड होतं.

दीडच्या सुमारास चष्मेवाली बाहेर आली, हसतच. "मावशी, काळजी करू नका. काका स्थिर आहेत. नऊ गुण आलेत. यादीवर घ्यायची आत्ता गरज नाही. सहा महिन्यांनी बघू."

"दहापैकी नऊ?"

"पंधरापैकी."

"मग पास ना? पास झाले तर यादीवर का नाही?"

डॉक्टरीण क्षणभर गोंधळली. मग तिच्या ध्यानात आलं आणि ती बाकावर शेजारी बसली. ह्या बोळात बसून बोलणारी डॉक्टर मास्टरीणनं पहिल्यांदा पाहिली. "मावशी, इथं उलटं असतं. पाच गोष्टी आम्ही बघतो. कावीळ किती, रक्त गोठायला किती वेळ लागतो, रक्तातलं प्रथिन किती, पोटात पाणी किती आणि डोकं किती ताळ्यावर. प्रत्येकाला एक ते तीन गुण. जेवढं वाईट तेवढे जास्त. पाच म्हणजे बरा माणूस. दहाच्या वर गेलं की वर्ष-दोन वर्षांचा भरवसा देता येत नाही. त्यांना आम्ही आधी घेतो. काकांचं रक्त तिन्ही बाबतीत मधलं आहे, दोन दोन दोन. पाणी थोडं, त्याचे दोन. डोकं साफ, त्याचा एक. नऊ."

मास्टरीणनं बोटांवर बेरीज केली. नऊच. मग ती एकदम फुटली. "मग ती बाई? शालवाली? तिच्या नवऱ्याचं नाव का काढलंत? तो तर मरायला टेकला होता!"

"त्यांचं हृदयच बंद पडत आलं होतं. टेबलावर गेले असते. ते वेगळं, मावशी. लिव्हर किती वाईट हा एक प्रश्न, बाकीचं अंग झेपेल का हा दुसरा. काकांचं हृदय चांगलं आहे."

बोळात कुणीतरी खोकत होतं. तिच्या तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी मास्टरीण बोलली नाही. शेजारी मास्टर जागे झाले होते. पिवळ्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत हळूच म्हणाले, "अगं, अजून सहा महिने पास व्हायला लागेल का? मला नाही जमायचं आता."

तेवढ्यात मीटिंगच्या खोलीचं दार लागलं.

मास्टरीण उठून तिथं गेली. शिपाई दारावर उभा. "आत जाता येत नाही, बाई. मीटिंग चालू आहे."

"माझ्याच माणसाची चालू आहे ना?"

"नातेवाईकांना परवानगी नाही. लेखी अर्ज द्या."

"अर्ज देते. ह्यांच्या तेराव्याला देते, चालेल?" तिनं पिशवीतून मापाची वही काढली, शिपायाच्या काखेखालून हात घालून दार ढकललं आणि आत गेली. मागून शिपाई "ओ बाई, ओ बाई" करत आला, त्याच्यामागं चष्मेवाली.

आत पाच-सहा जण, मध्ये मोठे डॉक्टर. थकलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस. समोर अर्धा प्यालेला चहा, त्यावर साय धरलेली. त्यांनी वर बघितलं. रागवायचंही त्राण नव्हतं बहुतेक. "काय आहे?"

उभा जन्म ज्या बाईनं कुणापुढं मान खाली घातली नव्हती तिला आता सहा शिकलेल्या माणसांसमोर आपण खोटारडी आहोत हे सांगायचं होतं. तिनं वही टेबलावर ठेवली, शेवटचं पान उघडून.

"मी शिंपीण आहे. हे माझ्या नवऱ्याचं माप. तुमच्या कागदावर आहे ते मी शिवलेलं आहे. हे खरं."

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा लावला. बोट आकड्यांवरून खाली सरकलं, पुन्हा वर गेलं. "एक्केचाळीसवरून आठवड्यात छत्तीस? हे कसं झालं?"

"पाणी काढून आणलं. प्रत्येक तारखेच्या आधी. सात वेळा." ऐनवेळी टाका घालायला बरोबर आणलेल्या शिवणाच्या डब्यातली ती चिठ्ठी तिनं पुढं केली. बॉबिनचा गंजका गोल तिच्यावर उमटलेला. "डोक्याचं पण खोटं. वार मी पढवते. त्यांनी कोटाला दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. दिवसा झोपतात, रात्री जागतात."

"गोळ्या घेऊनही सात वेळा काढावं लागलं?" त्यांनी चिठ्ठी शेजारच्याकडे सरकवली. आवाज चढला. "आणि हे एवढ्या दिवसांत सांगितलं नाहीत? तुम्हाला कळतंय का काय केलंत? ह्यात माणूस जाऊ शकतो!"

मास्टरीणनं तेवढं ऐकून घेतलं. तेवढं तिचं देणं होतं. पण त्यापुढं तिच्याच्यानं राहवेना. "चुकलं. माझंच चुकलं. पण साहेब, आठ खेपा झाल्या. तुमच्यातल्या कुणी विचारलं का, घरी कसे असतात? दारू किती पितात ते मात्र चौघांनी विचारलं. ह्यांचा दंड कुणी धरून बघितला? अडीच इंच गेला, तो कोणत्या मशिनात दिसला?"

एकानं पेनाचं टोपण लावलं आणि काढलं. मोठे डॉक्टर दंडाच्या आकड्यांकडे बघत राहिले. साडेअकरा, अकरा, दहा, नऊ. मग म्हणाले, "हे आमच्या मोजणीत धरलंच जात नाही. धरायला हवं." आणि चष्मेवालीला, "त्यांना आत आणा. मी स्वतः बघतो." आणि मास्टरीणला, "तुम्ही थांबा इथंच. पण एक शब्द बोलायचा नाही."

लेकीनं मास्टरना धरून आणलं. खोलीच्या कोपऱ्यात हिरवा पडदा होता, त्यामागं तपासायची खाट. मास्टर पडद्याकडे बघून थोडे खुलले.

"हात पुढे करा. पंजे वर. कुणाला थांबवल्यासारखे."

मास्टरनी हात धरले. चाळीस वर्षं कात्री धरलेले हात. क्षणभर ते स्थिर होते. मग पंजे मनगटात गळाले, पुन्हा उचलले, पुन्हा गळाले. थकलेल्या पाखरानं पंख झटकावे तसे. सकाळी कुणी त्यांना हात पुढे करायला सांगितलंच नव्हतं. नंबर एकशे चौदा.

"आज वार कोणता, काका?"

मास्टरनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. नेहमीसारखं. शाळेतलं पोर बघतं तसं, निर्धास्त. गुरुवार. चार अक्षरं तिच्या जिभेवर होती. तिनं ओठ एकावर एक दाबले, जणू तोंड टाचण्यांनी भरलेलं आहे, आणि फरशीकडे बघितलं.

तिला वाटलं, ह्याहून वाईट काही आपण ह्यांच्याशी आजवर वागलो नाही.

"दुकान बंद आहे," मास्टर सावकाश म्हणाले, विचार करून. "म्हणजे सोमवार."

"आणि ही जागा कोणती?"

मास्टरनी पुन्हा हिरव्या पडद्याकडे बघितलं. "ट्रायलची खोली. आत कुणीतरी आहे. थांबा जरा, आरसा सरळ करतो." आणि उठायला लागले. लेकीनं त्यांना धरलं. ती रडत होती.

मोठ्या डॉक्टरांनी कागदावरचे दोन आकडे खोडले. पाण्याला तीन, डोक्याला दोन. अकरा. पेन खाली ठेवून ते मास्टरीणशी बोलले, आता आवाज खाली आलेला. "नाव घेतो यादीवर. आजच. पण ऐका, यादी म्हणजे लिव्हर नव्हे. कधी मिळेल सांगता येत नाही, मिळेपर्यंत तब्येत टिकेल असंही नाही. तुम्ही हे चार महिन्यांपूर्वी..." आणि वाक्य त्यांनी सोडून दिलं.

तेवढा त्यांचा चांगुलपणा. पण सोडलेलं वाक्य तिला पुरं ऐकू आलं, आणि ते तिच्याबरोबर घरी आलं.

घरी आल्यावर तिनं मास्टरची पँट उतरवली आणि आतलं रबर उसवलं. कमरेवर त्याचा लाल वळ उमटला होता. खांद्यांतला कापूस काढला. मास्टर खाटेच्या कडेवर बसले होते, आपल्या खऱ्या अंगानं. बारीक हात, मोठं पोट.

"झालो का पास?" त्यांनी विचारलं.

"नापास झालात."

"अरेरे," मास्टर म्हणाले. जरा वेळानं, "तू रागावलीस?"

"नाही हो. उभे राहा बघू. माप घेऊ दे. दवाखान्यात आता दर आठवड्याला दाखवायचंय."

ते खाटेला धरून उभे राहिले. तिनं टेप कमरेभोवती फिरवली. टेपचा स्पर्श झाला तशी मास्टरनी छाती पुढे काढली आणि पोट आत ओढलं. वर्षभर तिनंच तर शिकवलं होतं.

मास्टरीण टेप धरून तशीच थांबली. मग त्यांच्या पोटावर हात ठेवून म्हणाली, "सोडा. सोडा आता. इथं कुणी बघायला आलेलं नाही."

त्यांनी सोडलं. एकोणचाळीस. तिनं लिहून घेतलं.